एका नॅव्हिगेटरचे स्मरण आणि नेहाइमच्या स्त्रिया

दरवर्षी मे महिन्यात इंग्लंडात ‘डॅम बस्टर्स’चे स्मरण होते. १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यातील उद्योगांची धरणे फोडण्यासाठी १९ लँकेस्टर विमाने निघाली. त्यांतील आठ परतली नाहीत. १३३ जणांपैकी ५३ मृत्युमुखी पडले. १९५५ च्या चित्रपटाने या मोहिमेची दंतकथा केली. तीत धाडसी वैमानिक आणि पाण्यावर उसळ्या घेणाऱ्या बॉम्बचा संशोधक ठळक आहेत. नकाशावर पेन्सिल चालवीत बसणाऱ्या नॅव्हिगेटरची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

केनेथ अर्नशॉ हा असाच एक नॅव्हिगेटर. जन्म इंग्लंडचा, वाढ कॅनडातील अल्बर्टा प्रांतात. हवाई दलात जाण्यापूर्वी तो शाळेत शिक्षक होता. त्या रात्री त्याचे वय होते २४. धरणावर अवघ्या साठ फुटांवरून चालून जायचे होते. विमानाखालच्या दोन दिव्यांचे झोत पाण्यावर जुळले म्हणजे उंची बरोबर. ते पाहून वैमानिकाला वर-खाली सांगणे हे नॅव्हिगेटरचेच काम. वाटेतच तोफांचा मारा लागलेले त्याचे विमान म्योने धरणावर दुसऱ्या क्रमांकाने चालून गेले आणि पेटले. बॉम्ब धरणावरून उडून पलीकडच्या वीजघरावर पडला. सातांपैकी दोघे हवाई छत्रीच्या साहाय्याने वाचले. अर्नशॉ राइनबेर्गच्या दफनभूमीत आहे. धरण फुटले ते यानंतर सुमारे पाव तासाने, पाचव्या विमानाच्या बॉम्बने. तो पूर त्याने पाहिलाच नाही.

पूर गेला कोठे, हा प्रश्न मात्र या सोहळ्यांत फार उशिरा शिरला. धरणाखाली नेहाइम येथे वेठबिगारांची छावणी होती. सोव्हिएत प्रदेशातून, मुख्यतः युक्रेनमधून, धरून आणलेल्या स्त्रिया व मुली तेथील लाकडी बराकींत कोंडलेल्या होत्या. त्या रात्री बुडालेल्यांचा आकडा तेराशे ते सोळाशे सांगितला जातो; त्यांत निम्म्याहून अधिक असे परदेशी वेठबिगार व कैदी होते. वैमानिकांची नावे, वये, कामे तपशीलवार नोंदली गेली. या स्त्रिया बहुतांशी आकड्यातच राहिल्या. आणि धरण? हजारो मजूर जुंपून नाझींनी ते त्याच वर्षी पुन्हा उभे केले.

अर्नशॉला दोषी ठरविण्याचा येथे हेतू नाही. १९४३ च्या त्या मे महिन्यात भारतातील समाजवादी ब्रिटिशांच्या तुरुंगात तरी होते किंवा भूमिगत तरी. तरीही हिटलरचा पराभव त्यांना हवाच होता. लक्ष्य निवडले ते वरच्यांनी, मेला तो शाळामास्तर आणि त्याच्यामागून कारखान्यात राबविल्या जाणाऱ्या मुली. त्यांचे स्मरण एकत्रच झाले पाहिजे.

१९७७ साली जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराच्या ५६ व्या कलमाने, नागरिकांची भीषण हानी होईल अशा धरणांवरील हल्ले काही अपवाद वगळता निषिद्ध ठरविले. ब्रिटनने १९९८ साली हा करार स्वीकारला. कायदा असूनही ६ जून २०२३ रोजी त्याच युक्रेनमध्ये, रशियाच्या ताब्यातील काखोव्का धरण उद्ध्वस्त होऊन गावे पाण्याखाली गेली, हे खरे. परंतु भारताने तर हा करार स्वीकारलेलाच नाही. भाक्रा आणि कोयनेच्या खाली लक्षावधी लोक राहतात. करार न स्वीकारण्याचे कारण सरकारने संसदेत सांगितले पाहिजे, आणि ते विचारण्याचे काम समाजवादी खासदारांचे आहे.