बदलावा लागणारा घट डाखून का बसवावा?



घट संपला म्हणून एखादे वाद्य आपले सूर विसरते, असे कोणी सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय? माझ्या हातून एका वाद्याचे सूर असेच पुसले गेले. त्यावरून सुचलेला विचार तुमच्यापुढे मांडतो.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली ‘डीएक्स-७’ हा सिंथेसायझर बाजारात आणला. वादकाने जुळवलेले ३२ ध्वनी त्याच्या अंतर्गत स्मृतीत राहतात. प्रत्येकाला १२८ बाइट, म्हणजे सारे मिळून अवघे ४,०९६ बाइट! ही स्मृती ‘रॅम’ जातीची. वीज तुटली की कोरी होणारी. म्हणून आत नाण्याएवढा, ३ व्होल्टचा लिथियम घट असतो. वाद्य बंद असताना तोच स्मृती जागती ठेवतो.

एवढासा घट किती काळ पुरेल? गणित करू. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. स्मृती २ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे समजा. भागाकार येतो १,१०,००० तास, म्हणजे सुमारे साडेबारा वर्षे! सीमॉस मंडल मुख्यतः स्थिती बदलताना प्रवाह घेते. नुसते धरून ठेवायला गळतीएवढा प्रवाह पुरतो. त्यातील ही किमया.

पण साडेबारा काय किंवा पंचवीस काय, घट कधीतरी संपणारच. एका परिचित वादकाने असे वाद्य माझ्याकडे आणले. मी उत्साहाने डाख वितळवून जुना घट काढला, नवा बसवला. वाद्य सुरू केले, तो बत्तीसही जागी निरर्थक आवाज! त्यांनी वर्षानुवर्षे जुळवलेले ध्वनी गेले होते. ते रागावले नाहीत; नुसते पट्ट्यांवरून हात फिरवत बसले. चूक माझीच होती. मिडी जोडणीतून सारी माहिती आधी संगणकावर उतरवून घ्यायला हवी होती. वर्गात ‘रॅम’ शिकवणारा मीच ते विसरलो!

माझी चूक कबूल. तरीही एक प्रश्न उरतोच. जो भाग संपणार हे रचनाकाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तो डाखून का बसवावा? कारखानदाराचीही बाजू आहे. स्प्रिंगच्या पट्टीवर गंज चढला, क्षणभर संपर्क तुटला, तर स्मृती जाईल. डाखलेला जोड पक्का. हे खरे आहे. परंतु मंडलात घटाशेजारी एक धारित्र बसवले, तर तो क्षण सहज निभावतो. डाखलेल्या घटामुळे मात्र साधी बदली ही शस्त्रक्रिया होऊन बसते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, झिजणारा भाग मालकाला बदलता आलाच पाहिजे. युरोपीय संघाने २०२३ साली नेमका असा नियम केला. सुटसुटीत उपकरणांतील घट वापरणाऱ्याला काढता यावेत, ही त्यातील अट १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरले.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रयोगशाळेत ओहमचा नियम पडताळतो, तसे एखादे जुने उपकरण उघडून त्यातील घट मोजण्याचे प्रात्यक्षिक का नसावे? मात्र पथ्ये पाळा. प्रथम माहितीची प्रत घ्या. घरातील विजेची पिन काढा. त्यानंतरही धारित्रांत भार उरतो, म्हणून शिक्षकांवाचून झाकण उघडू नका. लिथियम घटावर थेट डाख देऊ नका, तापून तो फुटू शकतो. त्याऐवजी मंडलावर घटाची खोबण डाखून घ्या. काढलेला घट लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका भाजते. तो केरात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

त्या वाद्यात मी आता खोबण बसवली आहे. पुढच्या वेळी डाख वितळवावा लागणार नाही. गेलेले ध्वनी मात्र मला परत देता आले नाहीत. तुम्ही उद्या यंत्रे घडवाल, तेव्हा घटासाठी एक लहानसे दार ठेवायला विसरू नका.