आक्षीचे पाहुणे

सप्टेंबरातला रविवार आणि पहाटे पाचचा अलार्म. झोपमोड करून अलिबागला जायचं, तेही पक्षी बघायला? माझंही तोंड तुमच्यासारखंच वाकडं झालं होतं. पण मैत्रिणीपुढे कुणाचं चालतंय! भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, मांडव्याहून रिक्षा आणि थेट आक्षीचा किनारा.

भरती चढत होती. म्हणजे टायमिंग परफेक्ट! ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात, पाणी चढलं की आपसूक आपल्याकडे सरकतात. समोर शंभरेक चिखल्या पक्षी. साळुंकीहून लहान. चार पावलं धावायचं, थबकायचं, टोच मारायची. काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून शिल्लक होता. यातले बरेच तिबेटच्या पठारावरून, हिमालयापलीकडून येतात. आपण बोरिवली-चर्चगेट करून दमतो, बॉस.

मग मी गाढवपणा केला. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून धावत सुटले. फोटो झकास आला. मैत्रीण मात्र खवळली. ''अगं, एवढ्या लांबून उपाशी आलेत ते. खाऊ तरी दे!'' प्रवासात जाळलेली चरबी त्यांना इथल्या किडे-खेकड्यांवरच भरून काढायची असते. त्यात मी पळवलं.

फोटो डिलीट नाही केला, खोटं कशाला बोलू? पण नंतर वाळूत गुपचूप बसले. वीसेक मिनिटांनी ते परतले, पार माझ्या बुटांपासून दहा पावलांवर.

जाणार असाल तर भरतीची वेळ बघा, दुर्बीण घ्या आणि कुत्र्याला घरीच ठेवा.