मेक्सिको ‘डन’?

माझी मामेबहीण ह्यूस्टनला एमएस करते. डिसेंबरच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर गॅल्व्हेस्टनहून क्रूझवर गेली. तिसऱ्या दिवशी इन्स्टावर स्टोरी. डोक्यावर भलीमोठी मेक्सिकन हॅट, खाली कॅप्शन : ‘मेक्सिको डन!’ मी विचारलं, ‘तिथे खाल्लंस काय?’ तर म्हणे, ‘अगं, जहाजावर जेवण फुकट होतं ना, परत येऊनच जेवलो.’

हसू नका. तुम्ही-आम्ही हेच केलं असतं. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, त्यामुळे तिकडे शिकायला जाणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या नशिबी हा दिवस आहेच. म्हणून आत्ताच सांगते.

जहाज कोझुमेल बेटाला लागतं आणि हातात सहा-सात तास असतात. धक्क्यावरून बाहेर पडलात की थेट बाजारात. दागिने, टकीला, टी-शर्ट, सगळे भाव डॉलरमध्ये. जहाजावर ‘आम्ही सुचवलेली दुकानं’ असा नकाशा देतात. त्यात नाव यावं म्हणून दुकानदार पैसे मोजतात. आपल्याकडे रिक्षावाला ठराविक हॉटेलातच नेतो ना, तसलाच प्रकार. फक्त ही रिक्षा चौदा मजली.

खरं गाव, सान मिगेल, तिथून लांब नाही. समुद्राकडे पाठ करा आणि पाच-सहा गल्ल्या आत चाला. तिथे मंडई आहे, साध्या खानावळी आहेत. कोचिनिता पिबिल मागा : आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मांस. (खात नसाल तर घेवडा आणि मक्याची पोळी आहेच.) पैसे पेसोमध्ये द्या. ते गावात राहतात.

बेटाच्या मध्यावर सान हेर्वासियो आहे. इश्चेल या देवीसाठी माया बायका समुद्र ओलांडून, होडीतून इथे यायच्या. १५१९ मध्ये कोर्तेसची जहाजंही आधी याच बेटाला लागली आणि मेक्सिकोचा इतिहास पालटला. एवढं सगळं टाकून आपण टकीलाचं फ्री सॅम्पल चाखतो!

‘पण टुरिस्टमुळे त्यांचं पोट भरतं ना?’ भरतं, पण किती? क्रूझच्या पाहुण्यांना आधी प्रवेशकर माफच होता. २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोनं माणशी ४२ डॉलर लावायचं ठरवलं. क्रूझ कंपन्यांनी इतका आरडाओरडा केला की जुलै २०२५ पासून सुरुवात झाली ती ५ डॉलरवर. जहाजावरच्या एका कॉकटेलची किंमत याहून जास्त असते.

आणि तुमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा किंवा मुंबईचा असू शकतो. बंदर लागलं की त्यालाही दोन शिफ्टच्या मधे तास-दोन तास मिळतात. तो हॅट घेत नाही. वायफाय शोधतो आणि घरी फोन लावतो. स्वस्त आणि चांगलं जेवण कुठे मिळतं ते त्यालाच विचारा, नकाशाला नको.

हो, एक राहिलं. धक्क्यावर धावत सुटलेल्या प्रवाशांचे रील्स पाहिलेत ना? कोझुमेलचं घड्याळ २०१५ पासून वर्षभर बदलत नाही. उन्हाळ्यात मायामीहून गेलात आणि जहाज मायामीच्याच वेळेवर असलं, तर बेटावर तुमचा फोन गुपचूप एक तास मागे जातो. फोनवर साडेतीन, जहाजावर साडेचार. तेव्हा साधं मनगटी घड्याळ घाला आणि खुशाल दुसरी प्लेट मागवा.