सांगितलंस तर फोन जाणार नाही

परीक्षा संपल्या, आजोळच्या बॅगा भरल्या जाताहेत. घरी फोनला काही वेळ ठरलेली असते. आजोळी मात्र मामेभाऊ, मावसबहिणी, प्रत्येकाच्या हातात एक फोन आणि जेवणं उरकून आडवी झालेली मोठी माणसं. ऊन मी म्हणत असतं म्हणून मुलांना बाहेर सोडत नाहीत. त्या लांबलचक दुपारी मुलं माळ्यावर शांत बसलेली आहेत, एवढं आपल्याला पुरतं. पण ती बोलताहेत कोणाशी?

सुरुवात फार साधी असते. गेम खेळताना बाजूच्या चौकटीत मेसेज येतो, ‘भारी खेळतोस रे, कितवीत आहेस?’ दोन दिवसांनी तोच खेळाडू एखादी स्किन नाहीतर थोडे डायमंड भेट देतो. सहावी-सातवीतल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट असते, वर्गात मिरवण्यासारखी. मग ‘इथे नको, इन्स्टावर ये.’ मग रात्री उशिरापर्यंत गप्पा, ‘तुझ्या घरचे फार कटकट करतात ना?’ आणि मग एक फोटो मागितला जातो. तो गेला की भाषा बदलते. आणखी फोटो दे, नाहीतर पैसे दे, नाहीतर तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवतो. त्याबरोबर हमखास येणारं वाक्य असतं: ‘घरी सांगितलंस तर तुझाच फोन काढून घेतील.’

ही धमकी त्या माणसाला शोधून काढावी लागत नाही. ती आपण रोज जेवताना देत असतो. मार्क कमी पडले, फोन बंद. उलट बोललास, फोन बंद. मुलाला ते पाठ झालेलं असतं आणि समोरच्याचं काम फुकटात होतं.

म्हणून बॅगेची चेन लावण्याआधी मुलांना जवळ बसवून एवढंच सांगा: ‘काहीही झालं, अगदी तुझी चूक असली, तरी मला सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही आणि मी ओरडणार नाही.’ बोलायला सोपं आहे, पाळायला महाकठीण. कारण मुलं सरळ सांगत नाहीत, आधी चाचपून बघतात. ‘आत्या, समजा माझ्या मित्राने कुणाला असा फोटो पाठवला असेल, तर पोलीस त्याला पकडतात का गं?’ असा प्रश्न भाजी निवडताना अचानक येतो. त्या वेळी ‘कोण रे तो मित्र?’ असं विचारलं की संपलं. ‘नाही रे, पोलीस त्याच्या बाजूने असतात. त्याला म्हणावं, आपण मदत करू,’ म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. उरलेलं संध्याकाळपर्यंत बाहेर येतं.

मुलग्यांच्या बाबतीत आपण जास्त गाफील असतो. ‘त्याला काय होणार आहे?’ फोटोवरून पैसे उकळणारे मुलग्यांना सर्रास गाठतात, आणि मुलगे लाजेपोटी जास्त दिवस गप्प राहतात. लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे.

प्रकार उघडकीला आला तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतेच. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका. समोरच्याचं नाव, आयडी, मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच त्याला ब्लॉक करा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणून पुष्कळ घरं मागे सरतात, त्यांच्यासाठी सांगते: पोक्सोखाली मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असू नये आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यावर बंदी आहे. हे हक्क मागून घ्या.

सुट्टीतल्या दुसऱ्या धोक्यालाही हीच गोष्ट लागू पडते. शहरातल्या मुलांना शेततळं म्हणजे मोठा स्विमिंग पूल वाटतो. त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला बांधलेला दोर किंवा ट्यूब नसेल तर बाहेर यायला आधारच उरत नाही. अशा वेळी बरोबरची पोरं ‘न सांगता आलो होतो’ या भीतीने घराकडे धावायला कचरली, तर गेलेली मिनिटं परत येत नाहीत. म्हणून तेच वाक्य इथेही सांगून ठेवा. न विचारता गेला असलात तरी आधी आरडाओरडा करा, मोठ्या माणसाला बोलवा, पाण्यात उडी मारू नका. ओरडा बसणार नाही.

फोनच्या बाबतीत निव्वळ बंदीवर माझा विश्वास नाही. बंदी घातली की फोन गच्चीवर जातो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केलं ते मला जास्त पटतं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांचेही आणि मोठ्यांचेही. आजोळी हे सहज जमण्यासारखं आहे, कारण गप्पा मारायला माणसं आयतीच असतात.

त्यासाठी निघण्याआधी एक फोन मामीला करा. मुलांच्या हातात कोणाचा फोन असणार, त्यात यूपीआय आहे का, त्याचा पिन पोरांना ठाऊक आहे का, रात्री फोन कुठे चार्जिंगला लागणार, विहिरीवर बरोबर कोण जाणार, हे तिच्याशी बोलून घ्या. आणि मुलांना दिलेलं वचन तिलाही सांगा, कारण पहिल्यांदा काही कानावर येईल ते बहुधा तिच्याच.