मतदानाशिवाय करारावर सही नको
एसटीतल्या सर्व संघटनांना आणि महामंडळाला जाहीर इशारा

एसटीच्या पुढच्या वेतन करारावर कामगारांचं गुप्त मतदान झाल्याशिवाय कुणीही सही करू नये. मान्यताप्राप्त संघटनेनं करू नये, संघटनांच्या कृती समितीनं करू नये आणि महामंडळानं ती करून घेऊ नये. अशी सही झालीच तर ती आम्ही आमची मानणार नाही आणि करणाऱ्यांना आमचे प्रतिनिधीही मानणार नाही. मसुदा टेबलावर यायच्या आधीच हे सांगतो आहोत. उद्या कुणी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायला नको.

न विचारता केलेल्या घोषणांचं काय होतं, हे दोनदा दिसलेलं आहे. १ जून २०१८ ला, एसटीच्या वर्धापनदिनी, परिवहनमंत्र्यांनी ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर केली. आकडा मोठा होता, पण त्यातून माझ्या हातात काय पडणार, हे आगारात कुणालाच नीट सांगता येईना. आठच दिवसांत, ८ जूनला, कुठल्याही संघटनेनं हाक न देता गाड्या थांबल्या. २०२१ मध्ये तर याहून वाईट झालं. २७ ऑक्टोबरला कृती समितीनं उपोषण सुरू केलं. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यावर बोलणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण संपलं. पुढाऱ्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता. आगारांनी तो मिटलेला मानला नाही. त्या दिवसापासून सुरू झालेलं बंद आंदोलन उच्च न्यायालयानं घातलेल्या २२ एप्रिल २०२२ च्या मुदतीपर्यंत चाललं. मधल्या काळात हजारो जण निलंबित आणि बडतर्फ झाले, घरं कर्जात बुडाली, काही सहकाऱ्यांनी जीव दिला. खेड्यातली पोरं शाळेला मुकली आणि म्हाताऱ्यांचे दवाखाने राहिले. २८ ऑक्टोबरला आगाराआगारात मतपेटी ठेवून ‘हे मान्य आहे का’ एवढं विचारलं असतं, तर नकार त्याच आठवड्यात कागदावर आला असता. तो रस्त्यावर सहा महिने मोजावा लागला नसता.

त्याच आंदोलनात, २४ नोव्हेंबरला, सरकारनं पगारवाढ दिली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि वीस वर्षांच्या पुढच्यांना २,५००. नव्या मुलांना जास्त मिळालं याचं आम्हाला दुःख नाही, त्यांचा पगार खरोखर लाजिरवाणा होता. पण हा तक्ता एक दिवस जरी आगाराच्या फलकावर लागला असता, तरी पंचवीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या चालकानं चहा संपायच्या आत सांगितलं असतं की यात सेवाज्येष्ठतेचा हिशेब कोलमडतो. कुणी विचारलं नाही. ती विसंगती मागण्यांच्या यादीत वर्षानुवर्षं पडून राहिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा गाड्या थांबल्या. तेव्हा कुठे एप्रिल २०२० पासून मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ कबूल झाली.

कामगाराला करार कळत नाही, असं काही पदाधिकारी खासगीत म्हणतात. रात्री हिशेबाला दहा रुपये कमी पडले तर जो वाहक ते स्वतःच्या खिशातून भरतो, त्याला आकडे कळत नाहीत, असं म्हणायला जीभ कशी रेटते? करारातलं जे टेबलावरच्या माणसाला कळत नाही, ते त्याला कळतं. वार्षिक वेतनवाढ २ टक्के की ३, थकबाकी किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखेपासून, हे तर तो वाचेलच. पण मुक्कामी गाडीवर गेलेल्या महिला वाहकानं रात्री झोपायचं कुठे, पहाटे जायचं कुठे, आणि त्या रात्रीचा भत्ता चहा-भाकरीला तरी पुरतो का, हे कलम मसुद्यात नसलं तर ते फक्त तिलाच दिसेल. मुंबईतल्या बैठकीत ती नसते. दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांतले यांत्रिकीही तिथे नसतात. आणि जे अजून भरतीच झालेले नाहीत, ते तर कधीच नसतात. कनिष्ठ वेतनश्रेणीवर लागलेल्यांनी हे अंगावर काढलेलं आहे. तेच काम, तोच रस्ता, तोच प्रवासी आणि पगार कमी.

हीच गोष्ट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे आणि बसच्या कामगारांपुढे आली होती. पुढे भरती होणाऱ्यांनी निवृत्तिवेतनासाठी पगारातला जास्त वाटा भरावा, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. तो मान्य न करता डिसेंबर २००५ च्या कडाक्याच्या थंडीत, संपाला कायद्यानं बंदी असताना, त्यांनी सुमारे ६० तास शहर थांबवलं. न्यायालयानं संघटनेला दिवसाला दहा लाख डॉलरचा दंड लावला. पुढे करार ठरला. निवृत्तिवेतनाची ती अट गळाली, पण आरोग्य विम्यासाठी पगाराचा दीड टक्का कापायचं कलम आत आलं. संघटनेचे अध्यक्ष रॉजर टूसाँ यांनी करार स्वीकारा म्हणून सांगितलं. जानेवारी २००६ मध्ये मतं मोजली तेव्हा बाजूनं ११,२२७ होती आणि विरोधात ११,२३४. सात मतांनी करार पडला.

आपल्याकडचे पुढारी म्हणतील, बघा, म्हणूनच मतदान नको. मग पुढचंही ऐका. करार पडला म्हणून तिथे पुन्हा गाड्या थांबल्या नाहीत. एप्रिलमध्ये त्याच करारावर दुसऱ्यांदा मतदान झालं आणि या वेळी तो मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. व्यवस्थापन अडून बसलं, तेव्हा प्रकरण लवादाकडे गेलं आणि वर्षअखेर जवळपास तोच करार लागू झाला. ज्यांचा शब्द सात मतांनी पडला होता, त्या टूसाँ यांनाच कामगारांनी त्या डिसेंबरमध्ये अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडलं. मतपेटीला सामोरं गेलेल्या पुढाऱ्याची पत गेली नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये कुणाची उरली, ते कृती समितीनं स्वतःला विचारावं.

कायदा मतदान घ्या म्हणत नाही, हे खरं. घेऊ नका असंही म्हणत नाही. १९७१ च्या मान्यताविषयक कायद्यानं तीस टक्के सभासदांच्या जोरावर एका संघटनेला सगळ्यांच्या वतीनं बोलायचा हक्क दिला आहे. गिरणगावात याहून जुन्या, १९४६ च्या कायद्यानं हेच केलं होतं. जिला कामगार मानत नव्हते, तीच संघटना कागदोपत्री त्यांची प्रतिनिधी राहिली आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंतांमागे संपावर गेले. त्या गिरण्यांच्या जागी आज काय उभं आहे, ते परळ आगारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चालकाला दिसतं.

मतदान अवघड आहे, हेही सांगू नका. २०२३ मध्ये आपल्याच एसटी बँकेच्या संचालकांसाठी राज्यभर मतदान झालं. बँकेसाठी जमतं ते पगारासाठी का जमू नये?

आमच्या अटी सरळ आहेत. कराराचा पूर्ण मसुदा, परिशिष्टं आणि वेतनतक्त्यांसह, मराठीत प्रत्येक आगाराच्या आणि कार्यशाळेच्या फलकावर लावायचा. वाचायला पंधरा दिवस द्यायचे. मग गुप्त मतदान, आणि मोजणी कामगार आयुक्त कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर. निम्म्याहून जास्त मतं विरोधात गेली तर सही नाही, परत बोलणी. आणि बहुमतानं करार मंजूर झाला, अगदी सातच मतांनी झाला, तरी ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनीही दुसऱ्या दिवशी वेळेवर गाडी काढायची. हे आम्ही आमच्याच सहकाऱ्यांना तितक्याच कडक शब्दांत बजावतो आहोत. संपालाही हाच नियम. समाजमाध्यमावरच्या एका संदेशावर आगार बंद पाडणाऱ्याच्या मागे आम्ही उभे राहणार नाही. परीक्षेला निघालेल्या मुलीला थांब्यावर उभं ठेवायचंच असेल, तर तो निर्णय हजारोंनी मत देऊन घेतलेला असला पाहिजे.

येत्या १ जूनच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक संघटनेनं आणि महामंडळानं या पद्धतीची लेखी हमी द्यावी. ती आली नाही, तर २ जूनपासून आमच्या नावानं वर्गणीची एकही पावती फाटणार नाही. मान्यता तीस टक्क्यांवर उभी आहे, आणि सलग सहा महिने सभासद त्याखाली राहिले तर ती रद्द करून घेता येते. तो अर्ज आम्ही डिसेंबरमध्ये औद्योगिक न्यायालयात दाखल करू. मतदानाशिवाय सही झालेला करार तोवर आला, तर त्याची प्रतही त्या अर्जाला जोडू, सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट.