घास अडतो तेव्हा : छाती उघडून, दुर्बिणीने की रोबोटने?

भाकरीचा घास छातीत अडू लागला की घरातील ज्येष्ठ मंडळी आधी भाकरी दुधात कुस्करून खातात, मग पेजेवर येतात. डॉक्टरांकडे जाणे मात्र लांबणीवर पडते. तंबाखू वा मिश्रीची सवय असल्यास हा उशीर फार महागात पडतो. एंडोस्कोपी व तुकड्याची तपासणी होऊन अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया ठरली, की भिगवणहून पुण्याला गेलेल्या कुटुंबापुढे वरील प्रश्न उभा राहतो.

आतील काम तिन्ही पद्धतींत एकच असते. अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग व भोवतालच्या लसग्रंथी काढायच्या, जठराची नळी करून ती वर घ्यायची आणि छातीत किंवा मानेत जोडायची. फरक असतो तो आत शिरण्याच्या वाटेचा. छाती उघडताना फासळ्यांमधून मोठा छेद घ्यावा लागतो. त्या वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो व न्यूमोनिया होतो. वृद्धांना मोठा धोका याचाच असतो.

युरोपातील ११५ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के रुग्णांना, तर दुर्बिणीनंतर ९ टक्के रुग्णांना झाला. मधला मार्गही आहे : पोटातील काम दुर्बिणीने, छातीतील उघडून. फ्रान्समधील २०१९ च्या अभ्यासात उघड्या शस्त्रक्रियेत मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ६४ टक्के होते, या मार्गाने ते ३६ टक्के राहिले.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. त्याचे हात शल्यविशारदच चालवितात. पुण्यातही ही पद्धत रुळली असून डॉ. शैलेश पुणतांबेकर व सहकाऱ्यांनी ८३ रुग्णांचा अनुभव २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. चीनमध्ये रोबोट व दुर्बीण यांची थेट तुलना झाली, तेव्हा रोबोटने वेळ कमी लागला. गुंतागुंतीचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच आढळले. म्हणून केवळ रोबोटसाठी शेत गहाण टाकू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी विचारावे.

शल्यविशारदांना तीन प्रश्न अवश्य विचारा. अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षाला करता? जोडणी गळाल्यास अतिदक्षता विभागाची सोय येथेच आहे का? पूर्वी क्षयरोग होऊन फुप्फुस छातीला चिकटले असेल, तर दुर्बीण चालेल का? गरज पडल्यास मध्येच छाती उघडावी लागते. ते अपयश समजू नये.

केमोथेरपी वा किरणोपचार आधी द्यायचे ठरल्यास तो काळ वाया घालवू नका. तंबाखू पूर्ण बंद, रोजचे चालणे, तीन गोळ्यांच्या यंत्रावर श्वासाचा सराव आणि पोषक आहार, गरज पडल्यास नळीवाटे, ही जबाबदारी घरच्यांची. शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे पाच-सहा वेळा भरवा, जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नका आणि रात्री उशाकडील बाजू उंच ठेवा.

आणि आज घरात कोणाचा घास अडत असेल, तर पेज शिजविण्याआधी एंडोस्कोपीची वेळ घ्या.