चीनशी व्यवहार चोख हवा

चीनशी व्यापारी संबंध सुरळीत करावेत असं म्हटलं की आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. राग समजण्यासारखा आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले. ते विसरा, असं मी मुळीच म्हणत नाही.

पण जरा आकडे बघा. २०२०-२१ मध्ये आपण चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलरचा माल घेतला. २०२४-२५ मध्ये तो ११३ अब्जांवर गेला. आणि आपण त्यांना विकलेला माल? २१ अब्जांवरून १४ अब्जांवर आला. बहिष्काराच्या घोषणा झाल्या, टिकटॉकवर बंदी आली, आणि तूट मात्र ९९ अब्जांवर पोचली! खरेदी वाढली आणि विक्री घटली, याला बहिष्कार कसं म्हणायचं?

खरेदी थांबत नाही, कारण ती आपली गरज आहे. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग, सौरऊर्जेची पॅनेलं हे सगळं तिकडून येतं. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार ठिबकमधून जी विद्राव्य खतं देतात, त्यांतलाही मोठा वाटा चीनचाच. २०२५ मध्ये चीननं या खतांचा पुरवठा अडवला, मोटारींना लागणाऱ्या चुंबकांवरही निर्बंध आणले. झळ बसली ती शेतकऱ्याला आणि कारखान्यांना. त्या ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा कुठे या अडचणींवर बोलणं झालं. म्हणजे अबोला धरून नुकसान कुणाचं झालं? आपलंच.

संबंध सुरळीत करणं म्हणजे गळ्यात गळे घालणं नव्हे. नियम लेखी असावेत, ते दोघांनी पाळावेत, आणि सीमेवरच्या प्रत्येक तणावानं छोट्या व्यापाऱ्याचा माल बंदरात अडकू नये, एवढाच त्याचा अर्थ. दूरसंचार, वीजपुरवठा अशा नाजूक गोष्टी खुशाल राखून ठेवाव्यात. पण १४० कोटींच्या त्या बाजारपेठेत आपली औषधं, आपला शेतमाल जावा यासाठी टेबलाशी बसावंच लागेल. बसलं की मिळतंही. २०१८ मध्ये बोलणी करूनच आपल्या बिगर-बासमती तांदळाला तिथं दार उघडलं, आणि त्याच वर्षी पहिला १०० टनांचा माल निघाला तो आपल्या नागपूरहून!

कुणी म्हणेल, शत्रूशी कसला व्यापार? अहो, व्यापार तर चालूच आहे. फक्त तो एकतर्फी आहे आणि त्याच्या अटी समोरचा ठरवतो. माझा आक्षेप आहे तो याला. जवानांचा मान राखायचा असेल तर सीमेवर खंबीर राहावं, आणि दुकानात हिशोब चोख ठेवावा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

पटत नसेल तर जरूर वाद घाला. पण येताना आकडे घेऊन या!